न्याहारीला दह्याचं पार्फे आणि घरचा ग्रॅनोला

शेवग्याची शेंग (पुणे)
मंडईत स्ट्रॉबेरीचे खोके लागलेत आणि घरात पोरं पोह्यांना नाकं मुरडतायत. त्यामुळे सध्या आमच्याकडे बऱ्याचदा सकाळी काचेच्या ग्लासात दही, ग्रॅनोला (गोडात भाजलेले कुरकुरीत ओट्स) आणि फळांचे थर असतात. सकाळचं काम दहा मिनिटांचं, पण तयारी आदल्या दिवशीची. दोघीतिघींनी कृती मागितली. ती व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात टाकण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

आधी मुद्द्याचं. पार्फे बिघडतं ते पाण्यामुळे. दह्याला पाणी सुटतं, चिरलेल्या फळाला सुटतं, आणि ते सगळं बिचारा ग्रॅनोला पितो. मग तळाशी गुलाबी पाणी आणि वर ओली पेंड. म्हणून माझी सगळी खटपट पाणी आवरण्याची आहे. बाकी ज्याला जे आवडेल ते घाला.

दही. म्हशीचं दूध असेल तर अर्धं काम झालं. दूध नुसतं गरम न करता चांगलं उकळून, मंद आचेवर पाचसात मिनिटं ठेवायचं. त्या उष्णतेने दुधातली प्रथिनं बदलतात आणि दही घट्ट लागतं, पाणी कमी सोडतं. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं. थंडीत पातेलं गव्हाच्या डब्यात किंवा दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये. लागलेलं दही मलमलच्या फडक्यात, पण रात्रभर टांगू नका. रात्रभरात त्याचा श्रीखंडाचा चक्का होतो, आणि तो पार्फेत घशाखाली उतरत नाही. चाळणीवर फडकं, त्यात दही, खाली भांडं, आणि सगळं फ्रिजमध्ये दोन-तीन तास. चमच्याने उचलल्यावर चमच्यावरच राहिलं पाहिजे, तेवढं पुरे.

ग्रॅनोला. तीनशे ग्रॅम रोल्ड ओट्स (झटपटवाले नकोत, त्यांचा भुगा होतो), शंभर ग्रॅम बदाम-काजू जाडसर तुकडे करून, पन्नास ग्रॅम भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, दोन चमचे तीळ, अर्धा चमचा मीठ, दालचिनीची पूड. मीठ वगळू नका, त्याशिवाय नुसतं गुळमट लागतं. पाव वाटी तेल किंवा पातळ केलेलं तूप आणि साधारण शंभर ग्रॅम मध किंवा काकवी एकत्र कोमट करून सगळ्याला चोळायचं. हाताने चोळा, चमच्याने प्रत्येक कणाला लागत नाही. ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर दाबून बसवायचा. १५० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा कडा आत आणि मधलं बाहेर असं उलटायचं, परत दाबायचं. बाहेर काढल्यावर तो मऊच असतो. घाबरून परत आत टाकू नका. ट्रेमध्ये हात न लावता पूर्ण गार होऊ द्या, कुरकुरीतपणा गार होतानाच येतो. गठ्ठेही तेव्हाच धरतात. बेदाणे, खजूर, सुकं अंजीर गार झाल्यावर मिसळा. भट्टीत गेले तर त्यांचे खडे होतात.

थर लावणं मात्र अगदी खायच्या वेळी. ग्लासात तळाला फळं, मग दही, मग ग्रॅनोला, परत दही, वर थोडा ग्रॅनोला आणि एखादी अख्खी स्ट्रॉबेरी. दह्यात साखर घालत नाही, हवीच तर थोडा मध फेटून.

मीठमिरची (सोलापूर)
छान लिहिलंस गं. पण ओव्हन नाही माझ्याकडे, आणि घ्यायचाही नाही. कढईत होईल का? आणि मध नको, घरी गूळ भरपूर आहे.

काकवी (कोल्हापूर)
मीठमिरची, कढईत फर्मास होतो. मी तर ओव्हन असून कढईतच करते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ओव्हनमध्ये मध किंवा काकवी अर्धा तास सुकत असते, म्हणून शेवटी कुरकुरीत होते. कढईत ती सवड नाही, तेव्हा पाणी आधीच पाकातून घालवावं लागतं. गोळीबंद पाकावर थांबलात तर ग्रॅनोला चिवट राहणार, दाताला चिकटणार. चिक्कीचा पाक हवा. थेंब गार पाण्यात टाकला की कडक व्हावा आणि मोडताना कट् आवाज यावा.

माझी रीत अशी. जाड बुडाच्या कढईत ओट्स कोरडेच मंद आचेवर भाजायचे, दहाएक मिनिटं, सारखं हलवत. खमंग वास आला आणि एक दाणा दातांखाली तुटला की काढायचे. त्याच कढईत चमचाभर तुपात बदाम-काजू, मग बिया, शेवटी तीळ. तीळ तडतडतात, झाकण जवळ ठेवा. मग दोन चमचे तूप आणि शंभर ग्रॅम बारीक चिरलेला गूळ. फेस येतो, रंग जरा उतरतो, तेव्हा थेंब टाकून बघायचा. पाक झाला की चिमूटभर मीठ, गॅस बंद, आणि भाजलेलं सगळं एकदम ओतून भराभर हलवायचं. तूप लावलेल्या ताटात पसरून हलकं दाबायचं. इथे रेंगाळलात तर कढईतच चिक्की होईल, तीही वाईट नाही म्हणा!

गूळ शक्यतो चिक्कीचा घ्या, किराणा दुकानात त्याच नावाने मिळतो. साधा गूळ कधीकधी पाकात दाणेदार होतो.

दुपारचा चहा (ठाणे)
म्हणजे थोडक्यात चक्क्यावर चिवडा आणि त्यावर स्ट्रॉबेरी. हॉटेलवाले याचेच भरमसाट पैसे घेतात! आमच्या आईने दही-पोह्यांवर डाळिंबाचे दाणे घातले तेव्हा कुणी फोटो काढला नाही.

शेवग्याची शेंग
चहा, आईंच्या दही-पोह्यांना तोड नाहीच. पण पोहे भिजून मऊ झाले की दही-पोहे जमतात, आणि ग्रॅनोला भिजला की पार्फे फसतं. जातकुळी वेगळी आहे. तुम्ही एक ग्लास खाऊन मग टोमणा मारा.

बर्लिनकर
गंमत म्हणजे सुरुवातीला हा प्रकार भिजवूनच खायचा होता. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामात 'ग्रॅन्युला' केला. कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाचे थर भाजायचे, फोडायचे, परत भाजायचे. ते इतके टणक व्हायचे की रात्रभर दुधात किंवा पाण्यात ठेवल्याशिवाय दात लागायचा नाही. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी तसलाच पदार्थ त्याच नावाने काढला, नावावरून तंटा झाला आणि त्यांनी तो 'ग्रॅनोला' केला. मध, तेल, सुकामेवा घातलेला आजचा ग्रॅनोला खूप नंतरचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पसरलेला. स्वित्झर्लंडमध्ये डॉ. बिर्शर-बेन्नर यांनी १९००च्या सुमाराला म्यूस्ली सुरू केली, तीही भिजवलेलीच. त्यात ओट्स चमचाभर आणि किसलेलं सफरचंद भरपूर.

इथे जर्मनीत मला दही टांगायची गरजच पडत नाही. दुकानात क्वार्क मिळतं. चवीला आपल्या चक्क्याच्या बरंच जवळ, आंबटपणा कमी. बिनसायीचं मागरक्वार्क घेतलं तर शंभर ग्रॅममध्ये बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. नुसतं फार घट्ट लागतं, तीन भाग क्वार्कला एक भाग साधं दही फेटून घ्यायचं. ओट्समध्येही इथे दोन तऱ्हा, मोठ्या पाकळीचे आणि बारीक. ग्रॅनोलाला मोठ्या पाकळीचेच. बारीकवाल्यांची खीर छान होते.

हिशेबनीस (नाशिक)
धाग्याला पाणी घालायला आलेलो नाही, पण आकडे समोर असलेले बरे. शेवगाताईंच्या कृतीत ओट्स, सुकामेवा, बिया, तेल, मध धरून एकूण २,९००च्या आसपास कॅलरी होतात. तयार ग्रॅनोला सव्वापाचशे ते साडेपाचशे ग्रॅम भरेल. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वाटणीला सव्वादोनशेच्या घरात. चाळीस ग्रॅम म्हणजे लहान वाटी, तीही सपाट. बहुतेकजण ग्लासात याच्या दुप्पट ओततात आणि वर म्हणतात, डाएट चालू आहे. ग्रॅनोला हा पौष्टिक खाऊ आहे, हलका नाही. दह्याच्या थरांवर जोर द्या, ग्रॅनोला कुरकुरण्यापुरता.

विकतचं पाकीट घेणाऱ्यांसाठी : मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ओट्सच्या पाठोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या जागी साखर दिसली तर समजा. कधी साखर, मध, ग्लुकोज सिरप, माल्ट अर्क अशी चार नावं वेगवेगळी असतात. त्यांची बेरीज मनातल्या मनात करायची.

मीठमिरची
हिशेबनीस, सकाळी सकाळी असं कोण सांगतं 😄 बदाम-काजू कमी करून शेंगदाणे घातले तर? खिशालाही परवडेल.

हिशेबनीस
कॅलरीत फारसा फरक नाही, खिशात आहे. शेंगदाण्यात प्रथिनं बदामाहून थोडी जास्तच. घाला बिनधास्त. सोललेले, अर्धे झालेले दाणे घ्या. डाळंही चांगलं लागतं.

त्रिफळा
विषय चांगला आहे, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. आयुर्वेदात दही आणि फळं हा विरुद्धाहार मानला आहे, त्यात केळं आणि दही हे विशेष. रोज सकाळी थंड दह्यात आंबट फळं घालून खाल्ली तर कफ वाढणारच. थंडीत तर नकोच.

दुपारचा चहा
मग आमची केळ्याची कोशिंबीर? ती तर दह्यातलीच. सणावाराच्या पानात डाव्या बाजूला असते. आणि गोपाळकाल्यात काय नसतं? पोहे, दही, काकडी, डाळिंब, पेरू, वर लोणच्याचा खार. देवालाच चालतं!

त्रिफळा
वर्षातून एकदा प्रसादाचा घास आणि रोजची ग्लासभर न्याहारी यात फरक आहे की नाही? कोशिंबीर डावीकडे चमचाभर वाढतात, ती का ते पाहा. मी कुणाच्या हातातला ग्लास काढून घेत नाही. सर्दी-पडशाची प्रकृती असेल त्यांनी जपावं, दही फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावं आणि केळं टाळावं, एवढंच म्हणणं आहे.

शेवग्याची शेंग
त्रिफळा, अर्धा तास बाहेर ठेवायचं मी एरवीही सांगितलं असतं. फार गार दह्याला चव कळत नाही. बाकी ज्याच्या त्याच्या पोटाला विचारावं. आमच्याकडे सासूबाई दही न घेता गरम दुधात ग्रॅनोला घालून खातात आणि खूश असतात.

संत्रानगरी (नागपूर)
फळांवरून एक प्रश्न. संत्र्याच्या फोडी घातल्या तर दही फाटेल का? आणि किवी घालून पाहिलं, तर तासाभराने दही कडू लागत होतं. दही जुनं होतं की किवी?

बर्लिनकर
संत्रानगरी, ती किवीची करामत. न शिजवलेल्या किवी, पपई आणि अननस या तिघांत प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) असतात. अननसातल्या विकराचं नाव ब्रोमेलेन, पपईतल्याचं पपेन. ती दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांना कडवट चव असते, शिवाय दही पातळ होतं. लगेच खाल्लं तर कळतही नाही, पण डब्यात भरून ठेवलं की पंचाईत. अननस साखरेत शिजवून घेतला की विकर मरतं आणि काही होत नाही. अननसाचं श्रीखंड करणारे फळ शिजवूनच घालतात ते यासाठीच.

संत्र्याच्या आंबटपणाने दही फाटायचा प्रश्न नाही, दही मुळात दूध आंबवूनच झालेलं असतं. फक्त पापुद्रा आणि बिया काढा, आणि फोडी थोडा वेळ चाळणीत ठेवा.

चिऊची आई (डोंबिवली)
माझी मुलगी दहा महिन्यांची आहे, दही आवडीने खाते. तिला यातलं काय देता येईल?

शेवग्याची शेंग
चिऊच्या आई, वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नाही. ग्रॅनोलात भाजलेलाही नाही आणि चाटणातलाही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम (गंभीर विषबाधा) होऊ शकतो, आणि घरच्या भट्टीच्या उष्णतेने ते बीजाणू मरत नाहीत. अख्खे किंवा तुकडे केलेले बदाम, काजू, शेंगदाणेही नकोत, घशात अडकतात. तिला ताजं साधं दही, त्यात कुस्करलेलं चिकू किंवा वाफवलेलं सफरचंद आणि मऊ शिजवलेले ओट्स. साखर-गूळ काही नको. सुकामेव्याची बारीक पूड वगैरे सुरू करायची तर तुमच्या डॉक्टरांना विचारून. थर लावून द्या हवं तर, ती एका फटक्यात कालवणारच!

म्हापसेकर (गोवा)
ग्रॅनोला करणं सोपं, टिकवणं कठीण. पुण्याच्या कोरड्या हवेत बसून लिहिलेल्या कृती आमच्या किनारपट्टीवर जूनमध्ये मान टाकतात. मध आणि गूळ दोन्ही हवेतलं बाष्प ओढतात. डबा उघडा राहिला की दुपारपर्यंत ग्रॅनोला वातड. पावसाळ्यात मी साखरेचा पाक वापरतो किंवा गोडच कमी करतो, तुपाचं प्रमाण जरा वाढवतो. तुपाचा लेप असला की ओल आत शिरायला वेळ लागतो. लहान लहान बरण्या भरायच्या, एक संपली की दुसरी उघडायची. वातड झालाच तर टाकून देऊ नका, परत दहा मिनिटं मंद भट्टीत आणि पूर्ण गार.

आक्रोड शक्यतो आधी मिसळू नका. सगळ्यात आधी तेच खवट होतात आणि अख्ख्या डब्याला वास लावतात. जवसाचं तसंच, अख्खं चालेल, पूड आयत्या वेळी.

इकडची एक चव सांगतो. माडाचा काळा गूळ, काजूचे तुकडे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. खोबरं शेवटच्या दहा मिनिटांत घालायचं, आधी घातलं तर बाकीचं होईपर्यंत करपतं. फळांच्या जागी मांगाड, म्हणजे आंब्याचा आटवलेला गर. आंब्याचा मोसम नसताना बरणीतलं मांगाड दह्यात असं काही लागतं की स्ट्रॉबेरी आठवत नाही. मांगाड आटवलेलं असल्यामुळे पाण्याची भानगडही नाही.

शेवग्याची शेंग
म्हापसेकर, शाब्बास! आटवलेल्या फळाचा मुद्दा माझ्या लिहिण्यात राहिलाच होता. स्ट्रॉबेरीचंही तसं करता येतं. एप्रिलच्या पुढे ताजी मिळत नाही. मोसम संपताना मऊ पडलेली फळं स्वस्त मिळतात, ती पाव भाग साखर घालून पातेल्यात आटवायची. मुरंब्याइतकी दाट नको, चमच्यावरून संथ ओघळेल इतपत. शेवटी लिंबू पिळायचं. फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये बरेच महिने.

ताजी स्ट्रॉबेरी वापरताना देठ धुतल्यानंतर काढा. आधी काढलं तर पाणी आत शिरतं. आणि फडक्यावर पुसून कोरडी करून मगच चिरा.

जर्सीची आजी
मुलींनो, मी नातवंडांसाठी करते. दही इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या कुकरमध्ये) लागतं, बाहेर कितीही बर्फ असो. इथल्या ओट्सच्या डब्यावर 'ओल्ड फॅशन्ड' लिहिलेलं असतं ते घ्यायचं, 'क्विक' नाही. ब्लूबेरी मोसमात ताज्या, एरवी गोठवलेल्या. गोठवलेल्या थेट घातल्या की सगळं दही जांभळं होतं. मोठ्या नातीला तेच आवडतं, धाकट्याला अजिबात चालत नाही. त्याच्यासाठी चाळणीत वितळवून, निथळून घालते. खाली जमलेला रस माझ्या ताकात.

फडक्यातून गळलेलं पाणी कुणी ओतून देऊ नका हं. मी त्यात थालीपीठाची भाजणी भिजवते. कढीतही जातं.

काकवी
आजी, अगदी. आमच्याकडे ते पाणी भाकरीच्या पिठात. जरा आंबूस चव येते, छान लागते.

डबेवाली (मुंबई, चर्चगेटची लोकल)
मला सकाळी सहा-पन्नासची गाडी पकडायची असते. खायच्या वेळी थर लावा म्हणणं सोपं आहे. ऑफिसात साडेनऊला खायचं तर काय करू? आणि ग्रॅनोलाला मी ओव्हनऐवजी एअर फ्रायर वापरून पाहिला. त्यात ओट्स टाकले तर सगळे वर उडाले आणि जाळीला चिकटले.

शेवग्याची शेंग
डबेवाली, झाकणाची बरणी घे. तळाला फळं, वर दही, आणि ग्रॅनोला वेगळ्या डबीत. तेवढी एक जादा डबी बाळगायची. बरणी रात्रीच भरून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी फक्त उचलायची. तळाला आटवलेलं फळ असेल तर उत्तमच. चिरलेलं केळं रात्री भरू नको, काळं पडतं. डाळिंबाचे दाणे रात्रभर जसेच्या तसे राहतात, द्राक्षं अख्खी असतील तर तीही.

गाडीतल्या उकाड्यात दही आंबतं, तेव्हा बरणी अगदी गार असू दे आणि पिशवीत पाण्याच्या गार बाटलीला लागून ठेव.

म्हापसेकर
एअर फ्रायरचं उत्तर माझ्याकडे आहे. वरून पंख्याचा जोर असतो आणि ओट्स हलके. आधी मध-तुपात नीट चोळून घ्या, कोरडे राहिले की उडणारच. बास्केटपेक्षा लहान ताटली किंवा केकचं भांडं घ्या, त्यात दाबून बसवा आणि वर स्टीलची जाळी उपडी ठेवा. तापमान १४० ते १५०, आणि पाचपाच मिनिटांनी बघत राहा. ओव्हनपेक्षा बराच लवकर होतो, पंधराएक मिनिटांत रंग येतो. एका वेळी दोन वाट्यांहून जास्त नको.

मीठमिरची
कढईत केला! काकवीताई, पाकाचा थेंब पाण्यात टाकून मोडला, कट् आवाज ऐकला आणि मगच ओतलं. बदामांऐवजी शेंगदाणे आणि ओट्स निम्मे, निम्म्या ज्वारीच्या लाह्या. लाह्या भाजल्या नाहीत, पाकात शेवटी घातल्या. गठ्ठे मस्त झालेत, पण लाह्या दह्यात ओट्सच्या आधी मऊ पडतात.

काकवी
पडणारच, लाही पोकळ असते. राजगिऱ्याच्या लाह्यांचंही तसंच. लाह्यांचा ग्रॅनोला अगदी वरच्या थराला ठेव, आत पुरू नकोस. किंवा लाह्यांऐवजी ज्वारीचे पोहे घे, पापडासारखे चपटे मिळतात ते. मंद भाजले की ओट्सइतके तग धरतात. पातळ पोहेही चालतील. जाडे पोहे घेऊ नकोस, नुसत्या भाजण्याने ते फुलत नाहीत, दगडासारखे लागतात.

हिशेबनीस
आणि ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी ज्वारी-राजगिराच धरावा. ओट्समध्ये स्वतःचं ग्लुटेन नसलं तरी शेतात आणि गिरणीत गहू-जवाची सरमिसळ होते. पाकिटावर स्पष्ट लिहिलं नसेल तर घेऊ नये.

संत्रानगरी
गठ्ठ्यांवरून विचारायचं होतं. माझा ओव्हनमधला ग्रॅनोला चवीला ठीक, पण सगळा मोकळा होतो, गठ्ठे धरत नाही. काय कमी पडतं?

शेवग्याची शेंग
तीन शक्यता. गोड कमी घातलंस, किंवा मध्ये फार वेळा हलवलंस, किंवा गरम असतानाच मोडलंस. मला वाटतं तिसरी. अंडं चालत असेल तर एका अंड्याचा पांढरा बलक फेसून मिसळ, हमखास गठ्ठे. चालत नसेल तर मूठभर ओट्स मिक्सरला पीठ करून घाल. ते पीठ मधाला धरतं आणि फटी भरतं. मी हल्ली ओट्सच्या पिठाऐवजी सातूचं पीठ घालते, एक वेगळाच खमंगपणा येतो.

दुपारचा चहा
काल केलं. चक्का घरचा, ग्रॅनोला काकवींच्या पद्धतीचा, वर घोलवडचे चिकू. चिकू आणि गुळाचा पाक ही जोडी कुणी आधी का सांगितली नाही? बायको म्हणाली, दह्यात जायफळ किसून घाल. घातलं. आता हे श्रीखंडच झालं असं म्हणाल तर म्हणा.

त्रिफळा
जायफळ घातलंत ते बरं केलंत. आणि चिकू गोड फळ आहे, माझी हरकत निम्मी झाली.

डबेवाली
वेगळी डबी जमली, साडेनऊलाही कुरकुरीत राहिलं. शेजारच्या टेबलवरच्या दोघी उद्यापासून हिस्सा मागतायत. अर्धा किलोचा ग्रॅनोला एका भट्टीत होतो का, की दोनदा लावू? माझा ओटीजी (ओट्यावरचा विजेचा ओव्हन) लहान आहे, एकवीस लिटरचा.

शेवग्याची शेंग
दोनदा लाव. लहान ओटीजीत थर जाड झाला की वरचा करपतो आणि खालचा कच्चा राहतो. ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, फक्त खालची कांडी चालू, आणि वरचीही लावायचीच असेल तर शेवटची पाच मिनिटं.